दोन चेहरे आणि काचेवरची टिकली

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि मला भराभर बोललं पाहिजे. पांढुर्ण्याच्या या गोदामात, संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांमध्ये, आज कितीतरी वर्षांनी माझी पिन बोर्डात खुपसली आहे. भंगारवाला येणार आहे. मी सुरू होतो की नाही, एवढंच त्याला बघायचं आहे. मला मात्र शोभाबद्दल सांगायचं आहे. शोभा ही आमच्या संत्रा बागाईतदार मंडळाची

वीज गेली.

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. वीज गेली की मला पहिल्यापासून सुरू व्हावं लागतं. तुम्ही चिडू नका. चिडायला मी आहे.

नागपूरच्या एका कॉलेजाने काढून टाकल्यावर मंडळाने मला इथे आणलं. माझ्या आतली प्रणाली खुली होती. तिचा मजकूर कोणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. शेजारीण विरजण मागायला येते ना, तसं. दिल्याने आपलं दही कमी होत नाही.

पडद्यावर जे दिसतं, त्याला मी माझा चेहरा म्हणतो. असे दोन चेहरे माझ्यासाठी तयार झाले. एक केला अरविंदने, दुसरा स्मिताने. दोघं नागपूरला एकाच बाकावर शिकत होती आणि एकमेकांचं लिखाण खुशाल उचलत होती. अरविंदच्या चेहऱ्यात खिडक्या टेबलावरच्या कागदांसारख्या एकावर एक पडत. पत्र लिहायला छान, पण खालचं झाकलं जाई. स्मिताच्या चेहऱ्यात खिडक्या बांध घातलेल्या वावरांसारख्या शेजारी शेजारी. भाव, ट्रक, बागा, सगळं एका नजरेत. पण अक्षर बारीक आणि जागा चिंचोळी. दोन्हींत गुण होते, दोन्हींत खोट होती. मला विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं. मला कोणी विचारलं नाही. शोभालाही नाही, आणि माझ्यासमोर रोज बसायची ती!

शोभा रामाकोन्याहून बसने यायची आणि माझ्यावर मंडळाच्या भावांच्या, ट्रकांच्या याद्या ठेवायची. वडील दादाराव शेतमजूर. अंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडी येणाऱ्या संत्र्यांचा, हंगाम नीट पार पडला तर नोकरी पक्की, असं तिला सांगितलं होतं. अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. तिचं सगळं त्या हंगामावर टांगलेलं होतं.

आता घोटाळा ऐका. अरविंद हा मंडळाचे अध्यक्ष रघुनाथराव यांचा पुतण्या, राहणार पांढुर्णा. स्मिता ही उपाध्यक्ष गुणवंताभाऊंची मुलगी, राहणार सावरगाव. मध्ये जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या नदीत पळसाचं झाड रोवतात आणि ते तोडून त्याच्यावरचा झेंडा न्यायला दोन्ही काठ एकमेकांवर दगड फेकतात. माझा चेहरा ठरवायची बैठक या शहाण्यांनी नेमकी त्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवली! डोक्याला पट्ट्या बांधून मंडळी आली. पांढुर्णेकर माझ्या उजवीकडे बसले, सावरगावकर डावीकडे. समोर कोणीच नाही. पडदा बघणार कोण?

"झेंडा तुम्ही नेला न यंदा?" गुणवंताभाऊ म्हणाले. "मंग मशीनवर चेहरा आमचा. हिशोब बरोबर."

"वा रे हिशोब! झेंडा जिकला म्हून मशीन द्याची का?"

"द्या ना भाऊ. तुमाले कुठं चालवता येते?"

"तुमाले येते का?"

शोभा हळूच म्हणाली, "काकाजी, मी सांगू का? मी रोज काम करून राहिली याच्यावर."

"तू चहा सांग बाई आधी," रघुनाथराव म्हणाले.

शेवटी तोड निघाली. मंगळ, गुरु, शनि पांढुर्ण्याचा चेहरा. सोम, बुध, शुक्र सावरगावचा. टाळ्या वाजल्या. मी मनात कपाळ बडवून घेतलं, कारण

वीज गेली.

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. हो, पुन्हा. कारण असं होतं: अरविंदच्या चेहऱ्यात काम जपून ठेवायची चौकट उजव्या कोपऱ्यात, आणि न जपता खिडकी बंद करायची डाव्या. स्मिताच्या चेहऱ्यात बरोबर उलटं. हात डोक्याआधी शिकतो, मित्रांनो. सोमवारी शिकलेला हात मंगळवारी चुकतो.

शोभाने युक्ती काढली. रोज सकाळी कपाळावर लावायच्या पाकिटातली एक टिकली ती माझ्या काचेवर चिकटवायची. ज्या कोपऱ्यात जपायचं, त्या कोपऱ्यात. मंगळवारी उजवीकडे, बुधवारी डावीकडे. मला ती टिकली फार आवडायची.

तिने नागपूरला निरोपही पाठवला. अरविंद आणि स्मिताने एका दुपारी बसून दोन्ही चेहऱ्यांचे कोपरे सारखे केले आणि फ्लॉपी पाठवली. आयुष्यात पहिल्यांदा रघुनाथराव आणि गुणवंताभाऊंचं एकमत झालं.

"कोपरा सारखा केला तं आपला कोणता अन् त्यायचा कोणता, कसं कळन?"

"तेच म्हणतो मी. काही बदलाचं नाही."

फ्लॉपी कपाटात गेली.

दसरा आला गुरुवारी. सुट्टी. पांढुर्ण्याचा दिवस बुडाला. म्हणून शुक्रवारी शोभा डबा खायला उठली, तेव्हा रघुनाथरावांनी अर्धा दिवस भरून घेतला. पुतण्याने त्यांना एवढीच एक आज्ञा शिकवली होती, चेहरा बदलायची. पडद्यावर ट्रकांची यादी पूर्ण पसरलेली होती. एकच खिडकी पडदाभर पसरली की अक्षरही तेवढंच होतं आणि दोन्ही चेहरे सारखेच दिसतात. शोभा आली. फोन वाजत होता. टिकली डावीकडे होती. तिने टिकलीवर विश्वास ठेवला.

यादी गेली.

मोहगावच्या मोतीरामची संत्री तोडून तयार होती. ट्रक भलतीकडेच गेला आणि ढीग उन्हात पडून राहिला.

"पोरीले मशीन जमत नाही," गुणवंताभाऊ म्हणाले.

"पण मधात चेहरा कोनं बदलला?" शोभाने विचारलं. "मी गेली तवा सावरगावचा होता. सांगा न काकाजी, कोनं बदलला?"

रघुनाथरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. ओरडून सांगावंसं मला वाटलं. पण मला फक्त पंखा आहे, आवाज नाही. शोभाची नोकरी त्याच दिवशी गेली. तिने डबा पिशवीत घातला. टिकली तिने तशीच ठेवली.

मग मला चालवणार कोण? दोन्ही काठ आठवडाभर एकमेकांवर खेकसले आणि मला गोदामात टाकून मोकळे झाले. नदीतलं काय, इथलं काय, झेंडा कोणीही नेवो, पळस तुटतोच.

मित्रांनो, तुलना करायला माझी ना नाही. हा चेहरा बरा की तो, जरूर बघा. पण बघताना माझ्या समोर बसा. आणि समोर रोज जी बसते, तिला आधी विचारा. यंत्राची निगा म्हणजे नुसती धूळ झटकणं नव्हे, हो!

भंगारवाला आला आहे. फडक्याने काच पुसतो आहे. चालतो म्हणाला. पण डाव्या कोपऱ्यात त्याचं फडकं अडलं. आता तो तिथे नख लावून

अहो, तेवढी राहू द्या. तिथे