गालातली खजुराची बी

गुरुनाथला जेवण कसं झालंय असं कोणी विचारत नसे. विचारायच्या आधीच तो सांगून मोकळा झालेला असे. मालिनीकाकूंच्या होळीच्या पोळीला त्याने "यातलं पुरण सुट्टीवर गेलंय का?" म्हटलं, आणि ते घर सुटलं. रवींद्र-पद्मजाकडे उसळीतले खडे ताटाच्या काठाशी ओळीने मांडून दाखवले. तेव्हापासून पद्मजा त्याला मॉलमध्ये लांबून पाहूनच वळते. अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या जानेवारीत, बाहेर उणे वीस असताना, माणसाला माणूस लागतो. त्याच्या बायकोच्या, सुवर्णाच्या हिशेबात आता जेवायला बोलावणारं एकच घर शिल्लक होतं: खालच्या मजल्यावरची फादमा आणि तिचा नवरा लहसेन.

"हे घर गेलं ना गुरू, तर मार्चपर्यंत मी भिंतींशी बोलणार," जिना उतरताना सुवर्णा म्हणाली. संक्रांत तोंडावर आली होती, म्हणून हातात तिळाच्या वड्यांचा डबा होता. "जेवणाबद्दल एक अक्षर नाही. खडा लागला तरी गिळायचा."

"आणि मोठा लागला तर?"

"मोठाही गिळायचा. शपथ घे."

घेतली बिचाऱ्याने.

लहसेन-फादमा मोरोक्कोच्या दक्षिणेकडच्या डोंगरांतले. पहिल्या भेटीत गुरुनाथने त्यांना अरब म्हटलं, तेव्हा लहसेन हसत म्हणाला होता, "तुला पंजाबी म्हटलं तर चालेल?" जग त्यांना बर्बर म्हणतं, पण ते नाव परक्यांनी ठेवलेलं; ते स्वतःला अमाझिग म्हणवतात, म्हणजे स्वतंत्र माणूस. आज त्यांच्या नव्या वर्षाची रात्र होती आणि त्यासाठी फादमाची आई इज्जा गावाहून आली होती. हनुवटीवर गोंदण, पायांत लेकीचे लोकरी मोजे आणि दारातून येणाऱ्याला नखशिखांत जोखणारी नजर. गुरुनाथला बाई बघताक्षणी आवडली.

"कितवं वर्ष तुमचं?" त्याने विचारलं. शके एकोणीसशे एकोणतीस जिभेवर तयार होतं.

"दोन हजार नऊशे अठ्ठावन्न."

शके परत आत गेलं.

"इजिप्तच्या गादीवर आमच्यातला एक बसला, तेव्हापासून मोजतो," लहसेन डोळे मिचकावत म्हणाला. "मोजायला सुरुवात मात्र आत्ता-आत्ताच केलीय, यार."

मग मधोमध एकच मोठी परात आली. मक्याच्या भरड्याची घट्ट लापशी, तिचं नाव तागुल्ला. मध्ये आळं करून त्यात तेल आणि मध. सगळ्यांनी त्याच परातीतून खायचं, आपापल्या बाजूने. गुरुनाथने दोन-चार घास मजेत घेतले आणि दाताखाली काहीतरी कडक आलं. जिभेने चाचपलं, तर खजुराची बी! लापशीत! ओठांशी एक झकास वाक्य आलं होतं, उपमेसकट. त्याने सुवर्णाकडे पाहिलं आणि बी गालात सारली. गिळण्यापर्यंत मात्र त्याने शपथ ताणली नाही.

गुरुनाथ गप्प बसलाय हे पाहून सुवर्णाचा चेहरा उजळला. लग्नानंतर इतक्या कौतुकाने तिने त्याच्याकडे क्वचितच पाहिलं असेल.

परात रिकामी झाली. इज्जाने वाकून तळ पाहिला, बोटाने खरवडला आणि लेकीवर एकदम कडाडली. फादमाने काहीतरी उत्तर दिलं.

"काय झालं गं?" सुवर्णाने विचारलं.

"यात एक खजुराची बी लपवतात," लहसेन म्हणाला. "ज्याला मिळेल त्याचं वर्ष चांगलं. कोठाराची किल्लीही त्यालाच देतात. आई म्हणते, फादमा अमेरिकेत येऊन बी घालायलाच विसरली, या घरात वर्ष आलंच नाही."

"मी माझ्या हाताने घातली होती!" फादमाचे डोळे भरले.

गुरुनाथच्या गालात बी एकदम दगडाएवढी झाली. बाहेर काढावी, तर तिच्या जेवणात कचरा निघाला असं समजून लपवली हे कबूल करावं लागणार. म्हणजे हेही घर गेलं. न काढावी, तर पोरीने म्हातारीची बोलणी खायची. सुवर्णाची नजर त्याच्या फुगलेल्या गालावर पडली आणि तिथेच थांबली.

"गुरू," ती हळूच म्हणाली, "थुंक."

त्याने बी तळहातावर घेतली. "मला वाटलं, चुकून पडली," तो म्हणाला. "आमच्यात चांगला पाहुणा असलं काही लपवतो. मी आजवर कधीच लपवलं नाही, कोणालाही विचारा. आज पहिल्यांदाच चांगला झालो, आणि हे असं झालं."

लहसेनने भाषांतर केलं. इज्जाने शांतपणे एक प्रश्न विचारला.

"आई विचारते, माझ्या लेकीला कमीपणा येऊ नये म्हणून तोंड दाबून बसलास?"

"हो, आजी."

म्हातारी हसायला लागली, इतकी की फादमाला तिची पाठ चोळावी लागली. मग तिने लेकीला जवळ ओढून कपाळाचा मुका घेतला. या फ्लॅटमध्ये कुठलं कोठार? कडधान्यांच्या कपाटाला तर कुलूपही नव्हतं. लहसेनने खुंटीवरची बेसमेंटच्या स्टोरेजची किल्ली काढून गुरुनाथच्या हातावर ठेवली.

"आता वर्षभर दर रविवारी यायचं, आई म्हणते," तो म्हणाला. "किल्लीवालाच आला नाही, तर घरात चूल कशी पेटायची?"

सुवर्णाने फादमाचा हात धरला. सोडेचना.

एवढ्यात कुसकुस आला, वाफवलेल्या जाड रव्यावर सात भाज्या. "अय्या, ही तर आपली भोगीची भाजी!" सुवर्णा म्हणाली. इज्जाने पहिला घास गुरुनाथला घ्यायला लावला आणि विचारलं, कसा झालाय? टेबलाखाली सुवर्णाचा पाय त्याच्या पायावर होता, पण आज त्यात जोर नव्हता.

"मीठ कमी आहे," गुरुनाथ म्हणाला.

लहसेनने चाचरत भाषांतर केलं. इज्जाने टेबलावर हात आपटला.

"आई म्हणते, दुपारपासून मी तेच सांगतेय, ही पोर ऐकेल तर शपथ! आणि मिठाचा मोठा डबा खाली स्टोरेजमध्ये आहे म्हणे. ऊठ."