आईचा सलाम

जीभ घसरली ती शुक्रवारी सकाळी नऊ वाजून सात मिनिटांनी. आठ महिने मुरलेल्या खोटारड्यासारखी जी सरळ चालली, तिला घसरायला नेमका सुटकेच्या आधीचाच शुक्रवार सापडला.

अब्दुलमुती शिंपी दुकानाचं शटर अर्धं ओढून, फोन कानाला लावून बसला होता. तुलकर्मच्या त्या लहानशा रेडिओ केंद्रावर दर शुक्रवारी नऊ वाजता कैद्यांच्या घरच्यांचा कार्यक्रम असतो. फोन लावायचा, रांगेत थांबायचं आणि पाळी आली की एक मिनिट बोलायचं. पलीकडून उत्तर येत नाही. आत तुरुंगात आपलं माणूस ऐकत असेल, एवढ्या भरवशावर अख्खा गाव बोलतो.

"विसाल, पोरी, मी बाबा," तो नेहमीसारखा म्हणाला. "सगळं छान आहे. अंगणातल्या झाडाला यंदा एवढी लिंबं लागलीत की फांदीला टेकू म्हणून काठी लावलीय. तुझा कोट शिवून झाला. गुरुवारी तुझी मुदत संपते, मी दुपारपासून नाक्यावर उभा असेन. तुझी आई, अल्ला तिच्यावर रहम करो, तुला..."

आणि तो थांबला.

मेलेल्या माणसाचं नाव निघालं की ही दुवा तिकडची माणसं विचार करून म्हणत नाहीत. ती शिंकेसारखी येते. त्याची बायको इन्शिराह जूनमध्ये गेली, तेव्हापासून गिऱ्हाइकांपुढे, शेजाऱ्यांपुढे, कब्रस्तानात अब्दुलमुतीने ती हजारदा म्हटली असेल. फक्त शुक्रवारच्या त्या एका मिनिटात तो ती दातांखाली दाबून धरायचा आणि त्याऐवजी म्हणायचा, "आई सलाम सांगते."

केंद्रावर कार्यक्रम चालवायला रुदैना होती. पोरगी हुशार, तिने लगेच सावरून घेतलं. अल्ला आपल्या सगळ्यांवरच रहम करो, अबू विसाल, असं विसालच्या बापाला म्हणत तिने पुढचा फोन घेतला. पण घसरलेला शब्द काही परत तोंडात जात नाही.

गंमत म्हणा किंवा दैव म्हणा, हा नियम विसालनेच घातलेला होता. अटक होईपर्यंत तो कार्यक्रम तीच चालवायची. फोनवर येणाऱ्या म्हाताऱ्यांना ती आधीच बजावायची की रडायचं असेल तर फोन ठेवून रडा, आणि घरात कुणी गेलं असेल तर ते इथे सांगायचं नाही. आतल्या माणसाला कोठडीतून ना मयताला येता येतं, ना धड रडता येतं. सुटून आल्यावर घरात बसवून, पाणी देऊन सांगा. तोवर म्हणा, सलाम सांगतात. अशा कितीतरी मेलेल्या आज्यांचे सलाम तिने स्वतःच्या आवाजात वाचून दाखवले होते.

सोळा महिन्यांपूर्वी, ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत, कब्जा करून बसलेल्या लष्कराच्या सैनिकांनी तिला उचललं. आरोप ठेवला नाही, खटला चालवला नाही. सहा महिन्यांचा हुकूम निघाला. तो संपला तसे आणखी सहा निघाले, मग चार. काय केलं तिने, असं अब्दुलमुतीने वकील लमीसला विचारलं, तर ती म्हणाली की गुप्त फाईल आहे. ती लष्करी न्यायाधीशाला दिसते. मला दाखवत नाहीत, विसाललाही दाखवत नाहीत. न दिसणाऱ्या कागदाशी भांडायचं कसं, ते तिला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

समोरच्या कॉफीवाल्या अबू रिझ्कने यावर आपलं मत केव्हाच दिलं होतं. "मी शेळी बांधतो ना, तीसुद्धा कुणाचा तरी मळा खाल्ला म्हणून बांधतो," तो म्हणाला होता. "आणि शेळीला ठाऊक असतं कुणाचा खाल्ला ते."

हसण्यासारखं होतं, अब्दुलमुती हसलाही होता. पण त्या फाईलने त्याला आतून पोखरलं होतं. तिच्यात काय असेल ते ठाऊक नसल्यामुळे काहीही असू शकत होतं. विसाल आणि तिच्या सोबत्यांची निळी पत्रकारांची जाकिटं त्यानेच शिवली होती, तीच नडली असतील. ती उद्ध्वस्त घरांच्या मालकांच्या जबान्या लिहून घ्यायची, त्यातला एखादा माणूस चुगलखोर निघाला असेल. पहिल्या मुदतीच्या शेवटी घरात मिठाई आणली, मुदत वाढली. दुसऱ्या वेळी साधी साखरसुद्धा आणली नाही, तरी वाढली. सोळा महिने तो असा स्वतःच स्वतःवर आरोप ठेवत आला, आणि न्यायालयाने जे काम केलं नाही ते हा बिचारा घरबसल्या करत होता.

इन्शिराहला मात्र फाईलचं काही पडलं नव्हतं. तिचं पोट गेल्या वसंतात दुखायला लागलं आणि जूनमध्ये ती गेली. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात तिने नवऱ्याला एकच गोष्ट सांगितली. पोरीला तू सांग, ती म्हणाली, परक्याकडून कळू देऊ नकोस. अब्दुलमुतीने हो म्हटलं. आता त्याच्यापाशी जगण्याचं म्हणून जे काही उरलं होतं, ते एवढंच होतं. विसाल येईल, तो तिला आईच्या पलंगावर बसवेल आणि स्वतःच्या तोंडाने सांगेल. दोन महिन्यांतून एकदा लमीस तिला भेटायची, शेजारी पहारेकरीण उभी असायची. कोट शिवतोय एवढं सांग, पण आईचं नाव काढू नकोस, अशी शपथ त्याने लमीसला घातली होती. आणि आता रेडिओवरून, लिंबांच्या गप्पांमध्ये, त्याने स्वतःच ते सांगून टाकलं होतं.

"ऐकलं असेल का रे तिने?" त्याने अबू रिझ्कला विचारलं.

"तुरुंगातले रेडिओ काढून घेतले म्हणतात."

"ते तर सगळेच म्हणतात. पण एखादा लपवलेला असतोच."

"असतोच," अबू रिझ्क म्हणाला. त्याचा पुतण्या आत होता आणि त्याची भावजयही दर शुक्रवारी फोन लावायची. गावात असं एकही घर नव्हतं जे त्या लपवलेल्या रेडिओवर जगत नव्हतं. सुटून आलेले लोक नाही म्हणायचे, तर बायका म्हणायच्या, तुमच्या कोठडीत नसेल.

ते सहा दिवस अब्दुलमुतीने कोटावर काढले. गडद हिरव्या लोकरीचा कोट होता, विसालच्या जुन्या मापाचा. आतून आलेली माणसं कशी दिसतात हे पाहिल्यावर ऑक्टोबरातच त्याने बाजू आत घेतल्या होत्या. शिवणीत दोन बोटं माया ठेवली होती, म्हणजे घरी येऊन अंगावर मांस चढलं की पुन्हा उसवून सैल करता येईल. आता त्याने तो परत उसवला, आणखी आत घेतला. हात गुंतलेले असले की तोंड गप्प राहतं. मनाला मात्र काही गुंतवता आलं नाही. ती ऐकून भिंतीकडे तोंड करून बसली असेल, असं त्याला वाटायचं. मग वाटायचं, नसेल ऐकलं, त्या मिनिटाला खरखर झाली असेल. पण सुटून आल्यावर तिने दारातच विचारलं, बाबा, तुम्ही काय म्हणालात त्या दिवशी, तर?

गुरुवारी दुपारी अबू रिझ्कने आपल्या गाडीतून त्याला लष्करी नाक्यावर नेलं, सुटलेल्या कैद्यांना तिथेच सोडतात. तिथे आधीच दहा-बारा घरांची माणसं उभी होती. कुणी थर्मास आणला होता, कुणी ब्लँकेट. गाडी किती वाजता येईल ते कुणी सांगत नाही, म्हणून माणसं दुपारीच येऊन थांबतात. फेब्रुवारीचा वारा हाडांत शिरत होता. अब्दुलमुती कोट छातीशी धरून उभा होता.

"अरे, अंगात घाल तो," अबू रिझ्क म्हणाला.

"बायकी आहे."

"मग तूही कुठे मोठा पहिलवान लागून गेलास."

चार वाजता बंदिस्त गाडी आली. पलीकडच्या बाजूला दार उघडलं आणि तिघीजणी उतरल्या. अब्दुलमुतीने चेहऱ्यांआधी खांदे पाहिले, सवयच ती. विसालचा डावा खांदा उजव्यापेक्षा जरा उतरता होता, कॅमेऱ्याच्या पिशवीमुळे. तिघींपैकी कुणाचा तसा नव्हता. गाडीचं दार बंद झालं आणि त्याच वेळी त्याच्या खिशातला फोन वाजला.

लमीस होती. ती सलाम म्हणाली आणि लगेच माफी मागायला लागली. एवढ्यावरूनच त्याला कळलं.

"किती?" त्याने विचारलं.

"चार महिने. हुकूम आज दुपारी आला, काका. मी सकाळपासून फोन करतेय त्यांच्या कचेरीला, कुणी उचलत नव्हतं."

"कारण?"

"फाईल."

त्याने बरं म्हटलं आणि फोन ठेवला. त्याला राग आला नाही, त्याचं त्यालाच नवल वाटलं. आजूबाजूला बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, हसत होत्या. अबू रिझ्क म्हणाला चल. तेवढ्यात उतरलेल्या तिघींतली एक, तिशीची, आईचा हात सोडवून त्याच्याकडे आली.

"तुम्ही विसालचे बाबा ना? शिंपी?" ती म्हणाली. "कोटावरून ओळखलं. ती म्हणाली होती, कोट घेऊन उभे असतील. मी तहानी. वर्षभर तिच्या शेजारच्या खाटेवर होते."

अब्दुलमुतीच्या तोंडून एकच प्रश्न निघाला. "मागच्या शुक्रवारी तिने रेडिओ ऐकला?"

"कुठला रेडिओ?"

"लपवलेला."

तहानीने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं की खरं सांगावं, याचा विचार तिच्या तोंडावर दिसत होता. अखेर ती खरं बोलली. "काका, मी आले त्याच्याही आधी सगळे नेले त्यांनी. एकही नाही. वर्षभरात आम्ही रेडिओचा एक शब्द ऐकला नाही."

सहा दिवसांत पहिल्यांदा अब्दुलमुतीला धड श्वास घेता आला. तिने ऐकलं नव्हतं. मग तो श्वास बाहेर पडता पडता त्याला उरलेलं कळलं. लिंबं, कोट, शेजारणीला झालेली जुळी, दर शुक्रवारचं ते दुवा दाबून म्हटलेलं खोटं, सगळं वाऱ्यावर गेलं होतं.

"पण शुक्रवारी नऊला ती आम्हाला गप्प बसवते," तहानी सांगत होती. "म्हणते, आता आमच्या घरचा फोन लागला. मग तुमच्या आवाजात बोलते, हुबेहूब. लिंबांचं पण सांगते. आम्ही हसून हसून लोळतो. आणि हल्ली शेवटी आईच्या आवाजात बोलते, खूप वेळ. आईने काय रांधलं, आई कुणाशी भांडली. मला म्हणाली, बाबांना सांग, या खेपेला लिंबं आईलाच मिठात घालू दे, तुम्ही घालता ती कडू होतात." मग ती म्हणाली, "आईंना माझा सलाम सांगा."

अब्दुलमुतीने मान हलवली. कोट तिच्या खांद्यांवर घातला. तो तिलाही ढगळ होत होता, दोन्ही बाजूंनी तीन-तीन बोटं. म्हणजे विसाललाही झाला असता. मग तो हलक्या आवाजात म्हणाला की रेडिओचं गावात कुणाला सांगू नकोस. तहानी हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता त्याने नेहमीसारखं शटर अर्धं ओढलं आणि फोन लावला. हवेवर घेण्याआधी रुदैनाने विचारलं, काका, जपून बोलाल ना. आज मला दोन मिनिटं दे, तो म्हणाला. तिने दिली.

"विसाल, पोरी, मी बाबा," तो म्हणाला. "नीट बसून घे. तुझी आई गेली. जूनच्या नऊ तारखेला, मंगळवारी, दुपारच्या नमाजाच्या जरा आधी. पोटात गाठ होती, कळली तेव्हा उशीर झाला होता. त्रास झाला पण शेवटचा दिवस झोपेत गेला. तिला तुझ्या आजीच्या शेजारी ठेवलंय, बदामाच्या झाडापाशी. तुझा निळा रुमाल मागितला होता तिने, तो मी तिच्याजवळ ठेवला. तुला मीच सांगायचं असं म्हणाली होती. म्हणून सांगतोय. लिंबं मीच घातली मिठात, कडू झाली असतील तर होऊ देत."

रांगेत चौदा फोन थांबले होते. म्हाताऱ्या बायांना वाटलं शिंप्याचं डोकं फिरलं, पोरीला कोठडीत अशी बातमी देतो. त्या संध्याकाळी अबू रिझ्कच्या भावजयीने त्याला तोंडावर निर्दयी म्हटलं, तेही त्याने ऐकून घेतलं. आत्ता केंद्रावर रुदैनाने फोन तोडला नाही, ती नुसती रडत होती.

दोन मिनिटं संपत आली होती. सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं, स्वतःच्या तोंडाने, इन्शिराहने सांगितलं होतं तसं. अब्दुलमुतीने डोळे पुसले, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि सवयीने म्हणाला, "बरं, ठेवतो पोरी. जप. आई सलाम सांगते."