ओडेलाने घेतलेली पुरचुंडी

मित्रांनो, मी भूर्जाच्या सालीचं एक जुनं सूप आहे. काठ विरलेत, शिवण उसवली आहे. फार बोललं की दमायला होतं, तरी ऐका.

आमच्या तळ्यात रानतांदूळ पिकतो. ओडेलाच्या आईने झाडाला तंबाखू वाहून माझी साल काढली आणि मुळांच्या धाग्याने मला शिवलं. ती पाखडायला लागली की फोलपटं कशी भुर्र उडायची! थोरली डेलिमा शेजारी उभी राहून शिकली. धाकटी ओडेला सहा वर्षांची असताना सरकारी माणसं आमच्या जमातीच्या मुलांना जबरदस्तीने दूरच्या शाळेत न्यायला आली. आईला एकीलाच, डेलिमाला, लपवता आलं. ओडेला दहा वर्षांनी परतली, ती आपली भाषा विसरून. पहिल्याच दिवशी तिने पाखडायला घेतलं आणि सगळा तांदूळ मातीत सांडला. डेलिमा खो खो हसली. ओडेलाने मला खिळ्याला टांगलं आणि बहिणीशी अबोला धरला. मग साठ वर्षं मी आणि धूळ. कंटाळा आला हो!

यंदा शहरातून नात आली, मिग्वान. तिने आजीच्या हातावर तंबाखूची पुरचुंडी ठेवली. चिलमीसाठी आणली असेल पोरीने, असं समजून ओडेलाने ती खुशाल खिशात टाकली.

"घेतलीस ना आजी? मग आता मला पाखडायला शिकव."

ओडेलाचा चेहराच उतरला. आमच्यात तंबाखू देऊन विद्या मागतात. एकदा घेतली की नाही म्हणता येत नाही.

"अगं, मला कुठे येतं!" ती कशीबशी म्हणाली. इतक्या वर्षांत हे तिने कुणापाशी कबूल केलं नव्हतं.

मग तिने मला खिळ्यावरून काढलं, रस्त्यापलीकडे बहिणीच्या घरी गेली आणि तीच पुरचुंडी डेलिमाच्या हातावर ठेवली.

"ताई, शिकव. दोघींना."

"रस्ता ओलांडायला साठ वर्षं लावलीस गं भवाने!" डेलिमा रडायलाच लागली. "तेव्हा हसले, ती माझी चूक झाली."

डेलिमाला आता नीट दिसत नाही. मागे उभं राहून तिने बहिणीची मनगटं धरली. पहिल्याच झटक्याला सगळी फोलपटं ओडेलाच्या केसांत! मिग्वान फिस्सकन हसली आणि घाबरून गप्प झाली. पण ओडेलाच हसत सुटली.

मित्रांनो, माझे फार दिवस उरले नाहीत. मला चुलीजवळ ठेवू नका, साल तडकते. आणि तुमची आजी काही शिकवायला नाही म्हणाली तर रुसू नका. तिला कदाचित कुणी शिकू दिलं नसेल. तिच्यासोबत शिका. ती चुकली तर आधी तिला हसू द्या, मग तुम्ही हसा.