आपटून भरलेला कप

घरात तिला तराजूताई म्हणत. हे नाव धाकट्या भावाने लहानपणीच पाडलं होतं, कारण खाऊची वाटणी झाली की ती एक डोळा मिटून दोन्ही वाट्यांकडे बघत बसायची. चिडवायला पाडलेलं नाव तिने मिरवायला घेतलं, आणि पुढे नोकरीही तशीच लागली. औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत भुकट्या मोजायचं काम. अंगात पांढरा डगला, समोर नाजूक वजनकाटा, आणि काट्याजवळ कोणी जोरात श्वास सोडला तरी वर जाणाऱ्या भुवया. 'अंदाज' हा शब्द ती शिवीसारखा उच्चारायची.

आणि तिच्या आईचं अख्खं स्वयंपाकघर अंदाजावर चालायचं. 'कपभर मैदा' असं आई म्हणाली की तिच्या डोळ्यांसमोर एकच कप असायचा, कान तुटलेला, काठाला पोचा आलेला, एनॅमलचा. त्यावर चाळणी धरून ती मैदा भुरभुर पाडायची, वरचा ढीग बोटाने सपाट करायची, की झालं माप. त्या मापाचा तिचा साधा केक इतका हलका व्हायचा की इमारतीत कोणाचाही वाढदिवस असला तरी माणसं आईच्याच दारात यायची. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका म्हणायचे, तुमचा केक खाऊन पोटात काही गेल्यासारखं वाटतच नाही, म्हणून नाइलाजाने दुसरा तुकडा घ्यावा लागतो.

मग आईची नजर जरा अधू झाली. कपाची कड दिसत नाही असं ती एकदा सहज म्हणाली, आणि ताईने लगेच मोठमोठ्या आकड्यांचा वजनकाटा आणून ओट्यावर मांडला. आईची सोय व्हावी हे तर खरंच होतं. पण खोटं कशाला बोला, त्यात थोडी मिरवामिरवही होती. आई बाजारात गेली असताना ताईने बाह्या सरसावल्या आणि कपाकपाचे ग्रॅम करून टाकले. कप साखरेत बुडवला, वजन केलं. मैद्याच्या डब्यात बुडवला, ओट्यावर दोनतीनदा आपटला, खाली बसलेल्या जागेत आणखी मैदा घातला, वजन केलं. दीडशे ग्रॅम. केकला दोन कप लागतात, म्हणजे तीनशे. हे सगळं ठळक अक्षरांत एका कागदावर लिहून तिने तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आणि आता याचं काय काम म्हणून कप भंगारवाल्याला देऊन टाकला.

आई परत आली तेव्हा तिने आधी कप शोधला. ताईने तिला काटा दाखवला, कागद दाखवला, कप गेल्याचं सांगितलं. आईने फळीवरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि बरं म्हणाली.

त्यानंतरचा पहिला केक नातवाच्या वाढदिवसाचा. आईने कागद वाचून, काटा बघून, सगळं जसंच्या तसं केलं. मिश्रण ढवळताना हाताला घट्ट लागलं. पण आकडा लेकीने काढलेला होता, म्हणजे चूक हाताचीच असणार, असं मनाशी म्हणून ती ढवळत राहिली. केक मध्येच चिरला आणि वर यायचं विसरला. नातवाने मोठा घास घेतला आणि भरल्या तोंडाने पाणी मागितलं. सगळे हसले. आईही हसली, पण तिचा तुकडा बशीत तसाच राहिला.

पुढचा केकही तसाच झाला, त्यापुढचाही. आईने बटर जास्त घालून पाहिलं, ओव्हन बदलून आणला, अंड्यांना दोष दिला. शेवटी दोष द्यायला स्वतःखेरीज कोणी उरलं नाही. तिच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे मुलांच्या मावशीचं, असंच सुरू झालं होतं. आधी हातची चव गेली, मग भाजीत दोनदा मीठ, मग गॅसवर विसरलेली रिकामी भांडी, आणि शेवटी पोटच्या मुलांना ती पाहुणे समजायला लागली. आईने ते सगळं जवळून पाहिलं होतं. आजवर हरवलेला चष्मा नुसता हरवलेला चष्मा असायचा. आता तो पुरावा झाला. दारात येऊन परत किल्ली बघायला गेली की तेही ती मोजून मनात ठेवायची. एका संध्याकाळी तिने धाकट्याला बोलावून सांगितलं, की बाबा, मी तुझ्याकडे येते, हे घर आता मला झेपायचं नाही. धाकटा हळवा माणूस. त्याने डोळे पुसले आणि खोकी जमवायला सुरुवात केली. ताईनेही मान डोलावली. जड मनाने, पण डोलावली.

आणि मग एक दिवस प्रयोगशाळेतलं आपटायचं यंत्र बिघडलं.

भुकटी नुसती ओतली की तिच्या कणांमध्ये हवा राहते आणि ती जास्त जागा घेते. आपटली की खाली बसते. कॅप्सूलमध्ये किती औषध मावेल ते यावरच ठरतं. म्हणून खुणांच्या काचेच्या नळीत भुकटी भरून आधी मोकळी उंची बघायची, मग यंत्राने नळी आपटून बसलेली उंची बघायची, हे ताईचं रोजचं काम. त्या दिवशी यंत्र बंद म्हणून तिने नळी हातात धरून रबराच्या गादीवर आपटली. एकदा, दोनदा, तीनदा. आणि हात तिथेच थांबला. हीच लय, हाच मनगटाचा झटका, आईच्या ओट्यावर. आई चाळून, मोकळा मैदा घ्यायची. हिने आपटून, ठासून भरला होता. साखर आपटली काय, न आपटली काय, फारसा फरक पडत नाही, म्हणून साखर बरोबर होती. मैदा मात्र कपामागे चाळीसेक ग्रॅम जास्त. दुसऱ्या कोणी ही चूक केली असती तर तिने त्याला दिवसभर सुनावलं असतं. ही चूक नेमकी तिनेच करण्यासारखी होती, तिच्याच हातच्या सवयीने.

त्याच संध्याकाळी आईकडे धावत जायला हवं होतं. ती गेली नाही. उद्या सांगू म्हणाली, मग रविवारी सांगू म्हणाली. मन खात होतं, पण जीभ वळत नव्हती. साधं 'माझं चुकलं' म्हणायचं होतं, आणि तराजूताईला ते म्हणायची सवयच नव्हती. मग तिला एक पळवाट सुचली आणि ती सुचल्याचा तिला आनंदही झाला. रविवारी आई अंघोळीला गेल्यावर तिने जुना कागद काढून खिशात कोंबला आणि तसाच नवा चिकटवला. तीच अक्षरं, तीच शाई, फक्त मैदा दोनशे वीस. केक फुलेल, आईचा जीव भांड्यात पडेल, खोकी परत जातील. कोणाला काही कळायची गरज नाही.

अंघोळ करून आलेल्या आईला तिने लाडीगोडी लावली, जाण्याआधी एकदा केक कर ना म्हणाली. आई नको नको म्हणत उठली. चष्मा लावून तिने कागद वाचला. मग परत वाचला.

"दोनशे वीस?" ती म्हणाली. "तीनशे होतं ना गं?"

हीच वेळ होती. ताईच्या ओठांवर शब्द आलेही, आणि त्यांच्या जागी भलतेच बाहेर पडले.

"नाही गं आई. हेच होतं."

तिने मैदा मोजला, अंडी फेटली, भांडं ओव्हनमध्ये ठेवलं. घरभर तो जुना वास पसरला. केक फुलला, पहिल्यासारखा, हलका, सोनेरी. ताईने सुटकेचा श्वास टाकला आणि आईकडे वळली. आई केककडे बघतच नव्हती. ती खुर्चीत बसून मांडीवरच्या हातांकडे बघत होती, आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी दरवेळी तीनशे वाचत होते," ती म्हणाली. "लिहिलेलं वेगळंच, आणि मी वाचत होते वेगळंच. मावशीलासुद्धा पाटीवर लिहिलेलं वेगळं दिसायचं." तिने टेबलावरचा फोन ओढून घेतला. "धाकट्याला सांगते, आजच ने म्हणून. उगाच कशाला लांबवायचं."

ताईला स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती. तिने आईच्या हातावर हात ठेवून फोन खाली ठेवायला लावला आणि सगळं सांगून टाकलं. आपटलेला कप, चुकलेला आकडा, बिघडलेलं यंत्र, सकाळी बदललेला कागद, आणि आत्ताचं खोटं. सांगताना ती एकदाही आईच्या डोळ्यांत बघू शकली नाही.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.

"माझ्या समाधानासाठी सांगतेस," ती म्हणाली. "कळतं मला. तुझा आकडा कधी चुकत नाही."

ताईने खिशातला चुरगळलेला कागद काढून टेबलावर पसरला. मैदा तीनशे. आईने तो जवळ घेतला, लांब धरला, बोटाने आकडा चाचपला. पण चेहऱ्यावरची शंका जाईना. तेव्हा ताईने फळीवरून चहाचा एक कप घेतला, चाळणी आईच्या हातात दिली आणि नेहमीसारखा भर म्हणाली. आईने नेहमीसारखा भरला. भुरभुर, मोकळा, वर बोट फिरवून सपाट. ताईने तो उचलला आणि ओट्यावर आपटला. एकदा, दोनदा, तीनदा. मैदा कडेपासून खाली गेला आणि वर रिकामी जागा उरली. तिने त्या जागेत मैदा घातला. एक चमचा, दोन, तीन, चार, पाच. कप पुन्हा सपाट झाला.

आई वाकून बराच वेळ त्या कपाकडे बघत राहिली.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

"एवढ्यासाठी मी घर सोडत होते." मग तिने मान वर केली. आवाजात राग नव्हता. तो असता तर ताईला सोपं गेलं असतं. "हाताला घट्ट लागायचं गं मला. दरवेळी लागायचं. मी माझ्या डोक्यावर शंका घेतली, तुझ्यावर घ्यायचं मनातसुद्धा आलं नाही."

ताईला हुंदका आला. आईने तिला रडू दिलं, जवळ मात्र घेतलं नाही. केक ओट्यावर निवत होता आणि त्याला हात लावायचं दोघींपैकी कोणाच्याच मनात नव्हतं. थोड्या वेळाने आईने फोन उचलला, धाकट्याचा नंबर लावला आणि पलीकडे घंटा वाजायला लागल्यावर तो लेकीच्या हातात दिला.

"तू सांग," ती म्हणाली. "तुझ्या तोंडून ऐकू दे त्याला."

धाकटा बहुधा खोकी बांधत होता, मागे चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता. त्याने आईचा नंबर बघितला असावा, कारण आधी तो आई म्हणाला. हिने नुसतं घसा साफ केल्यावर मात्र त्याने ओळखलं, आणि लहानपणापासून जसं म्हणायचा तसंच हसून म्हणाला, "बोल, तराजूताई."

तिने आईकडे पाहिलं. आई चाळणी सिंकमध्ये झटकत होती आणि कान इकडे होते.

"ते नाव आता बंद कर," ताई म्हणाली. "आणि खोकी सोड. आईचं काही चुकलेलं नाही, माझं चुकलं."