लग्न लागेपर्यंतचा दात

मित्रांनो, माझ्यात कुणी काही ठेवत नाही, तरी मला पेटी म्हणतात. शूटिंगवाले तर मला ॲपल म्हणतात आणि मी आजवर सफरचंदाचं तोंडही पाहिलेलं नाही. चारी बाजूंनी बंद, उचलायला दोन्ही टोकांना हात जाईल एवढं एकेक भोक, आत एक आडवी फळी, अशी मी जुनी सागवानी पेटी आहे. माझं काम एकच. मोठ्या नटाशेजारी लहान मूल उभं केलं की त्याचं डोकं कॅमेऱ्यात नीट येत नाही. मग मला त्याच्या पायाखाली सरकवतात. पडद्यावर तुम्हाला मूल दिसतं, मी दिसत नाही.

मला करवून घेतलं राजाजीनगरच्या कृष्णाजींनी. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी इकडे आले आणि बेंगळुरूचेच झाले. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि रागावले की दोन्ही, अशी त्यांची रीत. कृष्णाजी सिनेमात पोस्टमन व्हायचे, नाहीतर वरातीतला पाहुणा. संवाद मिळाला तर तो दिवस सोन्याचा. पण त्यांचा मुलगा रणजीत पाचव्या वर्षीच असा रडायचा, की कॅमेऱ्यामागची माणसं डोळे पुसायची. पोर बुटकं होतं, म्हणून मी आले. रणजीतचा पहिलाच सिनेमा तुफान चालला आणि मी घराची लकी पेटी झाले. दसऱ्याच्या आयुधपूजेला कॅमेऱ्याआधी मला झेंडूची माळ पडायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. या घरात ते माझ्यावर दिसत. रणजीतला मिसरूड फुटलं आणि त्याला कुणी विचारेना. पुढे त्याचं लग्न झालं, आणि मग त्याची थोरली मुलगी दिव्यश्री माझ्यावर उभी राहिली. तीही उंच झाली आणि उतरली. आता ती स्टुडिओच्या अंधारात बसून पडद्यावरच्या दुसऱ्या लहान मुलांना आपला आवाज देते. मग आली धाकटी शिवलीला. हे कुटुंब एका ताटात जेवणारं, एका गाडीतून शूटिंगला जाणारं. मुलींची आई सुनंदा वेणी घालायची, रणजीत संवाद पाठ करून घ्यायचा, दिव्यश्री तोंड वाकडं कसं करायचं ते शिकवायची, आणि कृष्णाजी खुर्ची टाकून बसायचे. इतकी माया होती, मित्रांनो, की त्या मायेतून एका पोरीला बाहेर पडायला फट उरली नव्हती.

शिवलीला एका मालिकेत पुट्टी झाली होती. पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये छोटी. पुट्टी सहा वर्षांची. शिवलीलाही सुरुवातीला सहाचीच होती. पण मालिकेत पुट्टीच्या चिक्कम्माचं, म्हणजे मावशीचं लग्न निघालं आणि ते काही केल्या लागेना. मांडव घालायला एक महिना, हळदीला दुसरा. मध्येच नवरदेव पळाला, परत आला, मग त्याचा जुळा भाऊ निघाला. बाहेर वर्ष उलटलं, आत चार दिवसही झाले नव्हते. सुनंदाने पुट्टीचा पिवळ्या फुलांचा फ्रॉक एकाच ताग्यातून पुन्हा पुन्हा शिवला, दर खेपेला थोडा मोठा. प्रेक्षकांना पत्ता लागला नाही. पण दात काही ताग्यातून शिवता येत नाही.

शिवलीलाचा वरचा पुढचा दात हलायला लागला.

तुमच्या घरी दात हलला की कौतुक होतं. या घरात सुतक पडलं. संक्रांतीला गल्लीतल्या पोरी एळ्ळु-बेल्ला, म्हणजे तीळगूळ वाटत आल्या, हातात उसाचे करवे होते. शिवलीलाला उसाला हात लावू दिला नाही. शेंगा नकोत, पेरू नको. मऊ भात आणि केळं. रोज सकाळी तिला माझ्यावर उभं करून रणजीत म्हणायचा, "स्वल्प तोंड उघड, कंदा," म्हणजे बाळा, आणि बोटाने दात चाचपायचा.

"अप्पा, लग्न कधी लागणार?" ती बापाला विचारायची.

"लागेल गं. तेवढं लग्न लागेपर्यंत दात सांभाळ."

"हळदीला दात होता आणि अक्षता पडताना नाही, कसं चालेल?" कृष्णाजी खुर्चीतून म्हणायचे. "तुझ्या अप्पाचा पडला होता, तेव्हा मी मेणबत्तीच्या मेणाने परत बसवला होता. दोन सिनेमे काढले त्या दातावर!"

घरातले सगळे हसायचे. शिवलीला हसायची नाही. माझ्यावर उभं असलेलं मूल किती थरथरतंय ते मला कळतं.

एका दुपारी, मांडवाच्या सेटवर, माझ्यावर उभी असतानाच तिचा दात पडला. तिने तो जिभेखाली धरला आणि तोंड मिटून सीन पुरा केला. मग खाली बसून बुटाची पट्टी लावायचं सोंग केलं आणि माझ्या भोकातून दात आत सोडला. घरी सांगितलं, गिळला. तिला भीती एकच होती, अज्जा, म्हणजे आजोबा, तो मेण लावून परत बसवतील.

मेण लागलं नाही. डॉक्टरांकडून गुलाबी पट्टीवर बसवलेला एक खोटा दात करून आणला. सकाळी तो घालायचा, पॅकअप झालं की काढायचा. दिसायला अगदी खरा. सगळे निर्धास्त झाले. डॉक्टरांनी बजावलं होतं, थोडे दिवसच, पुन्हा दाखवायला आणा. पण शूटिंगच्या तारखांमध्ये डॉक्टरांची तारीख बसेना. लग्न लांबत गेलं. आणि मुलांचे दात काही तारखा विचारून येत नाहीत. हिरडीतून नवा दात यायला लागला आणि त्याला वाट मिळेना.

"अप्पा, टोचतंय," शिवलीला म्हणाली.

"आज मुहूर्ताचा सीन आहे ना? आजच्या दिवस."

असे आजचे दिवस किती झाले ते विचारू नका. तिचे डोळे भरून यायचे, आणि दिग्दर्शक म्हणायचे, "क्या बात है! ग्लिसरीनसुद्धा नको!" रणजीतची मान ताठ व्हायची. आपल्या मुलीला दुखतंय हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. पण या घरात रडण्याला आधी टाळ्या पडत, विचारपूस नंतर. पाच पावलांवर तिचं अख्खं गणगोत बसलं होतं, आणि हाक मारावी असं कुणी नव्हतं. मला चारी बाजूंनी खिळे ठोकलेत. तिला कशाने ठोकलं होतं, ते मला नीट सांगता येत नाही.

शेवटी मीच बोलले, म्हणजे मला बोलतं केलं गेलं. पूर्वी सिनेमाचा आवाज नंतर स्टुडिओत भरत, त्यामुळे माझ्या पोटात काय वाजतं याची कुणाला पर्वा नव्हती. आता आवाज जागेवरच घेतात. मुहूर्ताच्या सीनला शिवलीला दुखण्याने या पायावरून त्या पायावर होत होती. पुण्याहून नवीन आलेला साउंडवाला प्रणीत कानाला हेडफोन लावून बसला होता. त्याने हात वर केला.

"सॉरी सर, नॉइज येतोय. खालून काहीतरी खडखडतंय."

पुन्हा सीन. पुन्हा खडखड. "ही पेटी बदला ना यार," प्रणीत म्हणाला.

"ती लकी पेटी आहे, बदलायची नाही," कृष्णाजी कडाडले. "उघडून बघा हवं तर."

खिळे उपटायला पक्कड आली. माझा तळ उघडला. जन्मल्यापासून पहिल्यांदा माझ्या पोटात लख्ख उजेड शिरला. मला उपडी करताच रणजीतच्या तळहातावर दोन दात पडले. एक पांढरा, ताजा. दुसरा पिवळा पडलेला, मुळाशी काळपट मेण चिकटलेला.

सेटवर कुणीतरी हसलं. रणजीत हसला नाही. तो पिवळा दात अंगठ्याने फिरवत राहिला. मला सगळं आठवत होतं. सात वर्षांचा रणजीत, सिनेमा संपल्यावर मेणाचा दात तोंडातून उपटून माझ्यात टाकणारा, आणि मग माझ्यावर डोकं टेकून बसलेला.

"अप्पा, तुमचापण?" शिवलीलाने विचारलं.

त्याने मान हलवली. मग तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. "तोंड उघड." या वेळी त्याचा आवाज हळू होता. त्याने पट्टी काढली. हिरडी लाल झाली होती आणि नव्या दाताची पांढरी कड आत तिरकी वळली होती. शिवलीला मोठ्याने रडली. खूप वाईट रडली, नाकातून, आवाज काढून, कॅमेऱ्याला चालणार नाही असं.

"रणजीत, लाइट जातोय," दिग्दर्शक म्हणाले. "लाव तो दात."

"नाही लावणार. दात पडलाय तिचा."

"अरे, एवढ्याशा दातापायी..." कृष्णाजी उठले.

"अण्णा," रणजीत वडिलांना म्हणाला, "मलाही टोचत होतं."

कृष्णाजी उभेच राहिले. मग खुर्चीत बसले आणि आपल्या बोटांकडे बघत राहिले.

मित्रांनो, याने सगळं गोड झालं असं समजू नका. मालिकेतली पुट्टी अचानक मामाच्या गावी गेली. आठवड्याने परत आली ती दुसरीच मुलगी होती. कंपनीने फ्रॉक मागवले, तेव्हा सुनंदाने ते घडी घालून दिले. त्यातला सगळ्यात पहिला, सगळ्यात लहान फ्रॉक त्या पोरीला बरोबर बसला. पुट्टी पुन्हा सहा वर्षांची झाली. लग्न अजून लागलेलं नाही. घरातला फोन बरेच दिवस वाजला नाही, आणि जेवताना सगळे जपून बोलत.

मग एका रविवारी रणजीतने मला गच्चीवर नेलं. कठडा उंच, पलीकडे शेजाऱ्यांची मंगलोरी कौलं. शिवलीला माझ्यावर चढली. कॅमेऱ्याच्या चौकटीत मावायला नव्हे, कठड्यापलीकडे हात पोचायला. "उंदीरमामा, जुना घे, नवा दे!" असं ओरडून तिने दात भिरकावला. कौलावर टुक्‌ वाजलं. दिव्यश्रीने शिट्टी मारली.

"आता तुम्ही, अप्पा."

चाळिशी ओलांडलेला तो माणूस माझ्यावर चढला. त्याला माझी गरज नव्हती, तरी चढला. मी करकरले. त्याने तो पिवळा दात फेकला, पण उंदीरमामाला काही मागितलं नाही.

शिवलीला विचार करत म्हणाली, "अप्पा, तुम्हाला आता नवा कुठून येणार?"

रणजीत कौलांकडे बघत माझ्यावरच उभा राहिला.

मित्रांनो, मी लाकूड आहे. कापलं तेव्हाच माझं वाढणं संपलं. माझ्यावर उभ्या राहणाऱ्यांचं तसं नसतं. तुमच्या घरी कुणाचा दात हलत असेल तर हलू द्या. आणि पडला, की त्याच दिवशी कौलावर फेका.