वेरूळला जायचं, तर नळाला कोण?

या रे लेकरांनो, जवळ या. उन्हात उभे राहू नका, इथं निंबाखाली बसा. कीर्तनात बुवा आख्यान लावायच्या आधी म्हणतात ना, 'मागच्यांनी पुढं सरका', तसे सरका पुढं. आज एक गोष्ट सांगणार आहे. गोष्ट देवाच्या देवळाची आहे, पण तिच्यात घाण पुष्कळ आहे. नाक मुरडलं तरी चालेल, कान तेवढे उघडे ठेवा.

मित्रांनो, मी एक जुनं टिपाड आहे. निळं, प्लास्टिकचं, माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच. वेरूळपासून तासाभरावर गारखेडा नावाची वस्ती आहे, तिथल्या एका अंगणात न्हाणीच्या भिंतीला टेकून उभं असते. कारखान्यातून निघाले तेव्हा मी कोरं करकरीत होते. पण नशिबी पहिलं भरण आलं ते फळांच्या गराचं. गर ओतून घेतला आणि मला तसंच भंगारात टाकून दिलं. तळाशी राहिलेला गर आंबला, त्याला बुरशीची लव फुटली, माश्यांनी संसार थाटला. माणसाला दुसऱ्याची किळस येते. मला माझीच येत होती.

तिथून मला रामकिसननं आणलं. त्याची बायको सुलेखा नाकाला पदर लावून म्हणाली, "अवो, ह्यात मेलं काय?" म्हणाली खरी, पण पदर खोचून भिडलीही तीच. राख, चिंच, काथ्या, कडक ऊन. वास जाईपर्यंत तिनं माझा पिच्छा सोडला नाही. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा माझ्या कडेला हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि हात जोडून 'रामकृष्ण हरी' म्हणाली. बाळांनो, पापी माणूस संताच्या दारात उभा राहिला की त्याला काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. तो दिवस म्हणजे घरात लग्न असल्यासारखा. मोटर, पाइप, हंडे, टिपाडं, आरडाओरडा. त्या दिवशी गावाला जायचं नाही, पाहुण्याकडं जायचं नाही. कुणीतरी घरी पाहिजेच. आणि आमच्या घरी ते कुणीतरी म्हणजे सुलेखा. शेजारच्या बाया मला बघून म्हणायच्या, "सुलेखाच्या टिपाडातलं पाणी कसं आरशावाणी!" मला लई धन्य वाटायचं.

मग दर मे महिन्यात पाहुणे यायचे.

रामकिसनची बहीण मोनाली पुण्याला दिलेली. ती, तिचा नवरा अभय आणि त्यांची दोन पोरं चारचाकी घेऊन यायची. सुलेखा पाहुण्यांसाठी जीव टाकायची. खोटं बोलत नाही, माणसं वाईट नव्हती, हसतमुख होती. पण काय सांगू मित्रांनो! पोरं आमरसानं माखलेले हात कोपरापर्यंत माझ्यात बुचकळायची. अभयराव दाढी करून वस्तरा मगात खळबळायचे आणि तोच मग परत माझ्यात. साबणाच्या फेसात बारीक काळे केस तरंगत राहायचे. मोनाली माझ्या कडेशी उभी राहून चूळ भरायची, तिचे शिंतोडे आत. शिसारी यायची. झाकण असून उपयोग काय, ते लावणारा हात घरात एकच होता.

यंदाही ते आले. शनिवारी संध्याकाळी अंगणात बाजा टाकून सहलीचा बेत सुरू झाला.

"रविवारी बीबी का मकबरा आणि पाणचक्की," अभयराव मोबाइलवर बोट फिरवत म्हणाले. "सोमवारी दौलताबाद. मंगळवारी वेरूळ."

"मंगळवारी वेरूळ बंद असतंय काका," श्रेया म्हणाली. ती सुलेखाची लेक, आठवीतली.

"मग बुधवारी. गुरुवारी दुपारी आम्ही निघूच."

तेवढ्यात भाकरी थापता थापता आतून आवाज आला. "वेरूळला मी बी येते."

मोनाली हसून म्हणाली, "वहिनी, तू? तुला गं काय, तू तर इथलीच. कधीबी बघशील."

"इथली हाय म्हणूनच राहिलंय वन्सं. लगीन होऊन आले, तवापासून बघायचंच हाय."

तिच्या मनात काय होतं, ते मला ठाऊक होतं. चैत्रात आमच्या मारुतीच्या देवळात सप्ताह झाला. भोंगा अंगणापर्यंत ऐकू येतो, म्हणून कीर्तन मलाही घडतं. बुवांनी त्या दिवशी कैलास लेणं लावलं होतं. "मायबापहो, ते देऊळ वरून खाली कोरत आणलं. ज्यानं कळस कोरला, त्याला खालची पायरी दिसली नसंल. बापानं कळस कोरायचा, पोरानं खांब, नातवानं पायरी. पण बापाचा हात कधी हलका पडला का? न दिसणाऱ्या पायरीसाठी जो राबतो ना, माउली, तो देवाला आधी दिसतो!" त्या रात्री सुलेखा देवळातून आली ती डोळे पुसतच. श्रेयाला म्हणाली, "मला ती खालची पायरी बघायची हाय गं. तिच्यावर डोकं टेकायचंय."

आमचा पाण्याचा दिवस सोमवार. म्हणून दौलताबादला ती गेली नाही. सगळे किल्ला चढत होते तेव्हा ती पाइप धरून होती. पण चेहरा हसरा. मला काठोकाठ भरलं, तुरटी फिरवली, झाकण लावलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, आता पुढच्या सोमवारपतोर दम धर. तू भरलेला असशील तर मला जाता येईल."

मित्रांनो, तिची सगळी सहल माझ्या पोटात होती.

बुधवारी पहाटे ती पुऱ्या तळत होती. ठेवणीतली हिरवी साडी नेसून वर जुना टॉवेल बांधलेला. आणि अंगणात अभयराव आले. त्यांनी माझं झाकण भिरकावलं, पाइप आत सोडला, तोंडानं ओढ घेतली आणि गाडी धुवायला लागले. टपावरून, काचांवरून, चाकांवरून माझं पाणी वाहत गटारात गेलं. तेलकट, चिखलानं लडबडलेलं फडकं पुन्हा पुन्हा माझ्यात बुडवून पिळलं. त्यावर दोन मेलेले किडे होते, तेही आत आले. शेवटी तळाला बोटभर काळा गाळ राहिला. मला ओकता आलं असतं, तर मी त्यांच्या चकचकीत गाडीवर ओकले असते.

सुलेखा डबा घेऊन बाहेर आली आणि थांबली.

"अभयराव, पाणी?"

"गाडी लखलखीत केली वहिनी! फोटो छान येतात."

"अवो, हे सोमवारपतोर पुरवायचं व्हतं. दुसरं टिपाड तर कालच संपलंय. संडासात टाकायला बी थेंब नाय."

रामकिसननं टँकरवाल्याला फोन लावला. टँकर दुपारी येणार, पण घरी माणूस लागणार. सगळे एकमेकांकडं बघायला लागले आणि बघता बघता सगळ्यांचे डोळे एकीवरच येऊन टेकले.

"मी थांबलो असतो," रामकिसन चप्पल घालत पुटपुटला, "पण अभयरावांना रस्ता कोण दाखवणार?"

"मोबाइल दाखवतो की बाबा!" श्रेया म्हणाली. तिच्या बोलण्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. आईनंच तिला गाडीत बसवलं. "जा बाई. माझ्या वाट्याचं बघून ये."

गाडी गेली. टँकर यायच्या आत मला घासणं भाग होतं. तिनं मला आडवं केलं आणि डोक्यापासून कमरेपर्यंत माझ्यात शिरून ती तो गाळ खरवडू लागली, त्याच हिरव्या साडीत. थोड्या वेळानं काथ्याचा आवाज थांबला. टिपाडात तोंड घालून रडलेलं बाहेर ऐकू जात नाही, बाळांनो. मला मात्र ते चहूबाजूंनी ऐकू आलं. माझ्या अंगाला तेल, माती आणि कुजकी घाण लागली होती, तरी त्या क्षणी मला माझी किळस आली नाही. ज्यांच्यासाठी मी भरत होते त्यांची आली.

संध्याकाळी मंडळी परतली, तोवर टँकरनं मला पुन्हा भरलं होतं. अभयरावांनी पहिल्यांदा माझ्यातून बादली भरली आणि पाय धुतले. मग दुसरी भरली.

सुलेखानं चहा दिला आणि एकच विचारलं. "खालची पायरी बघितली का?"

"कुठली पायरी?" अभयराव म्हणाले. "ऊन काय होतं वहिनी! आम्ही दारातनंच फोटो काढले, उसाचा रस प्यायलो आणि आलो. पोरं कंटाळली."

"आत गेलोच नाय आई," श्रेया खाली बघून म्हणाली. "मी लई म्हणलं."

सुलेखा उठली, अभयरावांच्या हातातली तिसरी बादली काढून घेतली आणि माझं झाकण घट्ट लावलं. मग घरात जाऊन तांदूळ, नारळ आणि खण घेऊन आली.

"वन्सं, पाट मांडलाय, बसा. ओटी भरते."

"आत्ता? आम्ही तर उद्या दुपारी निघणार."

"उद्या मी घरी नाय. पहिल्या बसनं श्रेयाला घेऊन वेरूळला चालले."

मोनालीचा चहा हातातच राहिला. "अगं वहिनी, आम्ही निघायचं आन् तू दारात नाय? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील ते म्हणू द्या. ओटीला उणं पडू देत नाय मी. पदर पसरा."

मोनालीनं पदर पसरला. सुलेखानं ओटी अगदी रीतसर भरली, कुंकू लावलं, लहान नणंदेच्या तोंडावरून मायेनं हात फिरवला. मग नवऱ्याकडं वळली. "उद्याचा चहा-नाष्टा तुमच्याकडं. पाणी मोजून द्या."

रामकिसन काही म्हणेल असं मला वाटलं. तो मान खाली घालून म्हणाला, "बसस्टँडपतोर सोडतो."

दुसऱ्या दिवशी ती उजाडताच गेली. अंगणात अभयराव टॉवेल खांद्यावर टाकून आले तर माझ्यापाशी रामकिसन उभा. "जावईबापू, एकच बादली हां," तो म्हणाला. आणि झाकणावर हात ठेवून तिथंच उभा राहिला.

सुलेखा दुपारनंतर आली. पाहुणे गेले होते. कपाळावर कुंकवाच्या जागी धुळीचा पट्टा होता आणि तो तिनं पुसला नव्हता. श्रेयाच्या आधारानं ओट्यावर बसली. रामकिसननं विचारलं, "कसं हाय?" ती म्हणाली, "सांगते. आधी बसा तरी." आणि तो खरोखर खाली बसला.

मित्रांनो, मी आता तडकले आहे. माझ्यात पाणी फार दिवस राहणार नाही. जाण्याआधी एवढंच मागणं आहे. भरलेल्या पाण्यात खरकटा हात घालू नका, कुणाचं पाणी न विचारता सांडू नका. आणि सुट्टीत सहलीला निघाल, गाडीत जागेसाठी भांडाल, तेव्हा एकदा मान वळवून दाराकडं बघा. तिथं कुणी हात हलवत उभं असेल, तर खाली उतरून तिला विचारा, 'तू का नाय?' आणि तेव्हा आमच्या सुलेखाची आठवण काढा.