बाळंतिणीचा नियम

यू-छिंगने आजारी कुत्र्याला, हेइमीला, टॉवेलात गुंडाळून उचललं, तेव्हा सासू छिऊ-लियान दारात आडवी उभी होती.

"बाळंतपणाचा महिना पुरा व्हायचाय," छिऊ-लियान म्हणाली. "आत्ता वारा लागला, की म्हातारपणी डोकं धरून बसशील."

"बसेन."

"कुत्र्यापायी?"

"आई, बाळ आत्ताच प्यायलंय. उठायच्या आत येते."

नवरा जहाजावर. हेइमीला डॉक्टरकडे न्यायला दुसरं कोणी नव्हतं, आणि सासूला दोनदा विचारून झालं होतं. यू-छिंग तिला खेटूनच बाहेर पडली. आनपिंग गावातली सगळी गल्ली दारांतून बघत होती. बघू दे, तिने मनात म्हटलं.

जनावरांचे डॉक्टर लो यांनी हेइमीचा ओठ वर केला. हिरड्या अजून पांढऱ्याफटक. रक्त तपासून आले, तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या.

"फॉस्फरस वाढलाय. घरी काय खातोय?"

"तुम्ही दिलेलंच."

डॉक्टरांनी वाकून हेइमीची दाढी हुंगली. "तिळाचं तेल. आलं. कलेजी देताय याला?"

यू-छिंगने स्वतःही हुंगून पाहिलं. तिळाच्या तेलातली डुकराची कलेजी घरात एकाच माणसासाठी शिजत होती, बाळंतीण म्हणून तिच्यासाठी.

"रक्त तयार करा, हा निरोप मूत्रपिंडाकडून जातो," डॉक्टर म्हणाले. "याचं मूत्रपिंड थकलंय, निरोपच जात नाही. तो या सुईतून आपण द्यायचा. कलेजीनं उलट मूत्रपिंडावरच भार पडतो. असंच चाललं तर हा हाती लागायचा नाही." मग सुई कशी धरायची ते दाखवून त्यांनी औषध बर्फात ठेवून दिलं. "आजची घरीच द्या. पुढच्याही. म्हणजे तुम्हाला बाहेर पडायला नको."

घरी पोचेपर्यंत तिचा राग डोक्यात गेला होता. सासू बाळाला मांडीवर थोपटत होती.

"तुम्ही हेइमीला कलेजी घालत होतात."

"घालत होते." सासूने मानही वर केली नाही. "तू अर्धा वाडगा ठेवतेस. घरात दोघंजण पांढरी पडलीत. एक खात नाही, दुसरा खातो. फेकून देऊ?"

"कुत्रं घराबाहेर काढा म्हणत होतात ना?"

"म्हणत होते. अजूनही म्हणते."

"त्या कलेजीनं तो मरेल, आई."

थोपटणारा हात थांबला. सासूने हेइमीकडे पाहिलं. तो तिच्या पायाशी येऊन, नेहमीच्या सवयीने, वाडग्याची वाट बघत बसला होता.

"कलेजीनं रक्त भरतं," ती म्हणाली. "माझं भरलं. तुझ्या नवऱ्याच्या वेळी."

"याचं नाही भरत. याला सुईच लागते."

यू-छिंगने बर्फातून औषध काढलं, सुईत ओढून घेतलं. दोनदा ती हेइमीपर्यंत नेली, दोनदा मागे घेतली. ते सासूला दिसू नये म्हणून ती पाठमोरी झाली. तरी सासूने बाळाला पाळण्यात ठेवलं आणि पुढे होऊन तिच्या हातातली सुई काढून घेतली.

"महिन्यात बाळंतिणीनं सुई धरायची नसते."

"हा नियम मी कधीच ऐकला नाही. तुम्ही आत्ता काढलात."

"काढला. घर माझं आहे." सासू गुडघ्यांवर हात टेकत खाली बसली. "कुठं टोचायची, ते दाखव."

यू-छिंगने हेइमीच्या मानेमागची सैल कातडी चिमटीत धरली.